ऐकण्याची खोली

आपल्याकडच्या जुन्या घरांत खोल्यांना जी नावे असत त्यांवरून त्या घरांना काय काय महत्त्वाचे वाटत होते याचा नकाशा काढता येतो. ओसरी, पडवी, माजघर, देवघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली. काही घरांत तर नुसतीच ‘काळोखाची खोली’. जन्म, धान्य, देव, पाहुणे, आजार या सर्वांसाठी जागा राखून ठेवलेली असे. वाचण्यासाठी मात्र ती नव्हती. वाचणारा माणूस माडीच्या खिडकीत किंवा माळ्याच्या जिन्यावर आपला कोपरा शोधून घेई. ऐकण्यासाठीही खोली नव्हती, कारण ऐकणे घरभर पसरलेलेच असे. आमच्या घरात रेडिओ माजघरातल्या फळीवर होता आणि स्वयंपाकघरात तांदूळ निवडणारी आई, ओसरीवर वह्या तपासणारे अण्णा आणि जिन्यात परवचा म्हणणारे आम्ही असे सगळेच तो एकाच वेळी ऐकत असू. आजच्या भाषेत सांगायचे तर कुणीच ‘लक्षपूर्वक’ ऐकत नव्हते. तरीही त्या ऐकण्यातून आम्हांला राग ओळखता येऊ लागले, हे मला अजून नीटसे उलगडलेले नाही.

अशा घरात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, केवळ ऐकण्यासाठी एक खोली बांधून घेण्याचा उद्योग मी गेले वर्षभर करते आहे. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ मध्ये बाईच्या लेखनासाठी स्वतंत्र खोली आणि थोडे उत्पन्न मागितले, त्या पुस्तकावर मी वर्गात अनेकदा बोलले आहे. पण लिहिण्याच्या खोलीचे समर्थन करणे सोपे असते, कारण तिच्यातून काहीतरी बाहेर पडते. ऐकण्याच्या खोलीतून काय बाहेर पडणार? घरातल्या तीन माणसांत एक खोली ‘नुसती गाणी ऐकायला’ ठेवणे हे आमच्या गल्लीत चैनीचे लक्षण ठरते. मुलीच्या अभ्यासाला ती द्यावी असे मला तीन जणांनी सुचवले, त्यांत मुलगी नव्हती.

या उद्योगाचे कारण चैनीचे नाही. आमचे घर सांगलीच्या गावभागात, कृष्णेपासून फार दूर नाही. २००५ च्या महापुराचे पाणी ओसरीच्या भिंतीवर जिथपर्यंत आले तिथे अण्णांनी खिळ्याने एक रेघ ओढून ठेवली होती आणि तबकड्यांचे कपाट त्या रेघेच्या फूटभर वर, लाकडी घडवंचीवर चढवले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी नदी ५७ फुटांच्या वर गेली. ती रेघ, घडवंची आणि कपाट हे सगळे दिसेनासे झाले. पाणी ओसरल्यावर आम्ही घरात शिरलो तेव्हा एल.पी.ची वेष्टने लगद्यासारखी एकमेकांना चिकटलेली होती आणि कॅसेटींच्या आत गाळ वाळून बसला होता. कॅसेटी गेल्या. एल.पी. मात्र प्लास्टिकच्या, त्या हौदावर धुतल्या, दोरीवर कपडे घालावेत तशा गच्चीत ओळीने उभ्या केल्या आणि बऱ्याचशा वाचल्या.

खरा प्रश्न ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा झाला. लाखेच्या या तबकड्या अण्णांच्या वडिलांनी जमवलेल्या. त्यांपैकी सदतीस फुटल्या नाहीत, पण त्यांच्यावरचे कागदी शिक्के सुटून वाहून गेले. हातात एक काळी, जड, निनावी थाळी उरली. कोण गाते आहे, कोणता राग, नाट्यपद की ठुमरी, याचा पत्ता देणारे एक अक्षर नाही. मधल्या कोऱ्या पट्टीत कोरलेला साच्याचा क्रमांक काहींवर वाचता येतो. उरलेल्यांवर गाळाने घासून तोही गेलेला. तेव्हा या सदतीस तबकड्यांना नावे द्यायची तर ती ऐकूनच देता येणार होती आणि ते करू शकेल असा माणूस आमच्या माहितीत एकच होता. अण्णा तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. आता ते एकोणऐंशी पुरे करतील. लहानपणी या तबकड्या लावण्यासाठी फोनोला चावी देण्याचे काम त्यांच्याकडे असे. आणि त्यांचे कान मंदावत चालले होते.

वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणाची रीत अशी की तो वरून खाली येतो. आधी अतिउंच कंपने जातात, मग दोन-तीन हजारांच्या आसपासची. आवाज लहान होतो असे नाही, तो बोथट होतो. स्वर कळतात, व्यंजने निसटतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ यांच्यात फरक उरत नाही. अण्णांनी ही गोष्ट घरात कोणाला न सांगता दोन-तीन वर्षे रेटली. “ख्याल ऐकण्यात काही अडत नाही गं, बंदिशीतली व्यंजने गवयांनी आधीच गिळलेली असतात,” असे ते नंतर म्हणाले. अडत होते ते दुसऱ्याच ठिकाणी. भरपूर घुमणाऱ्या खोलीत, पंखा चालू असताना, चार माणसांच्या बोलण्यात कान मंदावलेल्या माणसाला आवाज येतो पण त्याचे अवयव सुटे होत नाहीत. चांगल्या कानांची माणसे प्रतिध्वनी बाजूला सारून मूळ आवाज पकडतात, आणि आपण असे काही करतो याचा त्यांना पत्ताही नसतो. तीच शक्ती अण्णांची सरत आलेली. म्हणजे खोली सुधारणे हा माझ्या हौसेचा भाग कमी आणि वेळेशी लावलेली शर्यत अधिक.

मराठीची शिक्षिका असल्यामुळे असेल, पण मी सुरुवात ग्रंथातून केली. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय हा प्रेक्षागृहाच्या बांधणीचा आहे आणि आपण तो विद्यार्थ्यांना शिकवताना विकृष्ट, चतुरस्र, त्र्यस्र ही नावे पाठ करायला लावून पुढे जातो. त्यात ध्वनीचा विचार किती नेमका आहे याकडे लक्ष जात नाही. मंडप फार मोठा असला तर उच्चारलेले शब्द विस्कटतात आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, म्हणून मर्त्य माणसांसाठी ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद हे मध्यम माप भरताने ठरवले. मंडप डोंगरातल्या गुहेसारखा असावा, खिडक्या लहान असाव्यात, वारा आत खेळू नये, म्हणजे गाण्याला आणि वाद्यांना गांभीर्य येईल असेही सांगितले. गुहेची उपमा मला फार विचार करायला लावते. गुहेत आवाज घुमतो, हे खरेच. पण गुहेच्या भिंती कधी सपाट आणि समांतर नसतात. त्यांच्यावर आदळलेला आवाज फुटून चहूकडे विखुरतो. विजापूरच्या गोलघुमटात याच्या अगदी उलट प्रकार आहे. तिथल्या गुळगुळीत गोलाईवर कुजबुजही पलीकडच्या टोकाला पोचते आणि टाळी अनेक वेळा परत येते. चमत्कार म्हणून ते थोर आहे, परंतु तिथे कुणी विलंबित ख्याल मांडला तर दुसरी आवर्तने पहिलीच्या अंगावर चढतील.

यानंतरचा ग्रंथकार अमेरिकन आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले, कारण वक्त्याने उच्चारलेले अक्षर पाच सेकंदांहून अधिक काळ हवेत तरंगत राही. (आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात हा अनुभव पाहुण्या वक्त्यांना अजूनही घेता येतो.) वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण अध्यापकाला त्यावर उपाय शोधायला सांगितले. तो शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणी, त्या मांडून ऑर्गनच्या एका नळीचा आवाज किती वेळ टिकतो ते मोजी आणि सकाळपूर्वी गाद्या परत पोचवी. मोजण्याचे साधन म्हणजे त्याचा स्वतःचा कान. आपल्या अंगावरच्या कपड्यांनीही आकडे बदलतात हे ध्यानात आल्यावर त्याने एकच एक पोशाख ठरवून टाकला. या सगळ्यातून निघालेले सूत्र साधे आहे: आवाजाचा रेंगाळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि आवाज शोषणाऱ्या वस्तूंबरोबर घटतो. १९०० मध्ये उघडलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल या सूत्राच्या आधारे बांधलेले आहे.

सेबाइनची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचे एकक. शोषण मोजायला त्याने ‘उघडी खिडकी’ हे माप घेतले. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचा एक पूर्ण घटक. गादी, पडदा, माणूस यांची किंमत मग खिडकीत सांगायची. बसलेला माणूस सुमारे अर्धी खिडकी भरतो.

हे वाचले त्या दिवशी मी हिशेब केला. आमची माडीवरची खोली १५ फूट लांब, ११ फूट रुंद आणि १० फूट उंच. म्हणजे साधारण ४७ घनमीटर. गुळगुळीत गिलाव्याच्या भिंती, शहाबादी फरशी, वर काँक्रीटचा स्लॅब. रिकाम्या खोलीचे उत्तर तीन सेकंदांच्या घरात आले. संगीत ऐकायच्या लहान खोलीत ते अर्ध्या सेकंदापर्यंत, किंवा थोडे खालीच असावे. म्हणजे जवळपास पंधरा चौरस मीटर उघड्या खिडक्या कुठून तरी आणायच्या. आणि गंमत अशी की अण्णांची पहिली आणि एकमेव अट हीच होती की पूर्वेची खिडकी बंद करायची नाही. ती चार फूट बाय पाच फुटांची खिडकी, म्हणजे पंधरातले जवळजवळ दोन घटक फुकटात मिळत होते. फक्त त्या खिडकीतून रेंगाळ बाहेर जाताना रिक्षा, भाजीवाला आणि शेजारचा मिक्सर आत येणार होते.

पुण्याहून एक तरुण ध्वनितज्ज्ञ येऊन खोली बघून गेले. त्यांच्या आराखड्यात खिडकी विटांनी बुजवलेली होती, चारही भिंतींवर फोमचे चौकोन होते आणि मध्यभागी, भिंतीपासून नेमक्या अंतरावर, एक खुर्ची. एकच. डावा स्पीकर, उजवा स्पीकर आणि श्रोत्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो, तो बिंदू सोडून बसले तर चित्र मोडते, हे त्यांनी मला कागदावर काढून दाखवले. त्यांच्या दृष्टीने ते पूर्ण बरोबर होते. पण तो कागद बघताना मला मर्ढेकर आठवले. शुद्ध संवेदना, तिच्यातल्या संवाद-विरोध-समतोलाच्या लयी आणि त्यापलीकडचे सगळे लौकिक सामान दाराबाहेर, हा ‘सौंदर्य आणि साहित्य’मधला आग्रह जर कुणी विटामातीत बांधायला घेतला तर तो असाच दिसेल. (मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते आणि त्यांनी रेडिओसाठी संगीतिका लिहिल्या, ही गोष्ट इथे विसरू नये, आवाज देहापासून सुटा होऊन घरोघर जातो याचा त्यांना रोजचा अनुभव होता.) मराठी सौंदर्यविचाराला दोन टोके मांडून त्यांच्यात प्रवास करण्याची आवड आहे. वामनराव देशपांडे यांनी १९६१ च्या ‘घरंदाज गायकी’त घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली, रा. भा. पाटणकरांनी १९७४ च्या ‘सौंदर्यमीमांसे’त अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद अशी दोन टोके घेतली. पुण्याचा आराखडा हे एक टोक आणि अण्णांची खिडकी हे दुसरे. दोन्हींना एका खोलीत बसवायचे होते, आणि माझ्याकडे भविष्य निर्वाह निधीतून काढलेले बेताचे पैसे होते.

कोंडी फुटली ती सौंदर्यशास्त्राने नव्हे, तबकड्यांच्या इतिहासाने. दोन स्पीकरांचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण एल.पी.वर व्यापारी रीत्या आले ते १९५८ च्या सुमारास. आमच्या सदतीस तबकड्या त्याच्या कितीतरी आधीच्या, एका कर्ण्यापुढे किंवा एका मायक्रोफोनपुढे गायलेल्या. त्यांना डावे-उजवे नाहीच. मग दोन स्पीकर कशाला? आणि एकच स्पीकर असेल तर तो नेमका बिंदू, ती एकटी खुर्ची, तो त्रिकोण यांतले काहीच उरत नाही. स्पीकर भिंतीजवळ, गवई बसतो तिथे ठेवायचा आणि श्रोत्यांनी बैठकीत बसतात तसे समोर कुठेही बसायचे. आणखी एक बारकावा हाताशी आला. परदेशी पुस्तकांतली सारी मापे खुर्चीवरच्या कानांसाठी असतात. जमिनीवर मांडी घालून बसलेल्याचा कान अडीच फुटांच्या आसपास असतो आणि बसून गाणाऱ्याचे तोंडही तेवढ्याच उंचीवर. म्हणून आमचा स्पीकर फूटभर उंचीच्या चौरंगावर ठेवला आहे. तो पाहणाऱ्याला विचित्र वाटतो, पण डोळे मिटले की आवाज योग्य उंचीवरून येतो.

तंत्रज्ञान आपल्या बसण्याच्या रीतीप्रमाणे घडले असते तर कसे झाले असते, हा विचार ज्युनिचिरो तानिझाकीने १९३३ मध्येच केला होता. सावल्यांच्या सौंदर्यावरचा त्याचा प्रसिद्ध निबंध घरबांधणीच्या कटकटींपासून सुरू होतो, आणि पुढे तो म्हणतो की ग्रामोफोन आणि रेडिओ जपानी माणसाने शोधले असते तर ते जपानी संगीतातल्या संयमाला आणि विरामांना सांभाळणारे निघाले असते. आपल्याकडे हा प्रश्न कुणी निबंधाच्या पातळीवर विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. आपण तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी आली तेव्हा ख्याल तीन मिनिटांत बसवला आणि पुढे गेलो, आणि ते बसवणे काही जणांनी इतके सुंदर केले की तक्रार करायला जागा ठेवली नाही.

सामानाच्या बाबतीत मी फोमला नकार दिला. काही अंशी पैशासाठी, काही अंशी तो दिसतो कसा यासाठी. अंड्यांचे ट्रे भिंतीला ठोकण्याचा सल्ला तर आमच्या सुतारासकट पाच जणांनी दिला. त्या पुठ्ठ्याने फारसे काही होत नाही आणि झुरळांची मात्र सोय होते. “ताई, आवाज भायेर जाऊ नये म्हणून करताय न्हवं?” असे सुताराने विचारले. आवाज अडवणे आणि आवाज शोषणे यांतला हा गोंधळ सार्वत्रिक आहे. अडवायला वजन लागते, जाड भिंत, जड दार, फटी बुजवलेल्या. शोषायला मऊपणा आणि सच्छिद्रता लागते. गादीतून आवाज आरपार जातो, फक्त खोलीत परत येत नाही. मला शोषणच हवे होते. त्यासाठी जाड लोकरीच्या सहा घोंगड्या आणल्या आणि त्या लाकडी चौकटींवर ताणून भिंतीपासून चार-चार इंच सोडून टांगल्या. मागे मोकळी हवा राहिली की तीच घोंगडी अधिक खालच्या स्वरांपर्यंत काम करते. खाली कापसाच्या जुन्या गाद्या आणि सतरंजी. पाठीमागच्या भिंतीला पुस्तकांची मांडणी, पण पुस्तके मुद्दाम मागे-पुढे, उंच-बुटकी अशी लावलेली. ही माझी गुहेची भिंत. ग्रंथपाल असलेल्या मैत्रिणीने ती पाहून कपाळाला हात लावला.

कोपऱ्यांनी सर्वांत जास्त त्रास दिला. १५ फुटांच्या लांबीत ३८, ७५, ११३ अशा कंपनांचे खर्ज स्वर अडकून बसतात. ११ फुटांच्या रुंदीत ५१ आणि १०३. काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ कंपनांची. डग्ग्याचा घुमाराही याच टापूतला. त्यामुळे एकाच तबकडीतला डग्गा कोपऱ्यात बसले तर ढोलासारखा वाजे आणि तीन पावले पुढे सरकले की नाहीसा होई. घोंगडीला हे स्वर दाद देत नाहीत, त्यांना खोली लागते, जाडी लागते. शेवटी चारी कोपऱ्यांत गाद्यांच्या वळकट्या छतापर्यंत उभ्या केल्या आहेत. लग्नघर आवरल्यासारखे दिसते. डग्गा मात्र खूपसा माणसाळला.

एवढे झाल्यावर पहिल्याच सकाळी आम्ही एक एल.पी. लावली, ओळखीची, कसोटी म्हणून. अण्णा पाच मिनिटे ऐकून म्हणाले, “तंबोरा बंद का केलास?” तंबोरा चालू होता. मला स्वच्छ ऐकू येत होता. त्यांनी कानातले यंत्र काढले तर मंद का होईना पण त्यांनाही येऊ लागला. यंत्र घातले की काही क्षणांत विरून जाई, मधूनच चिरकून वर येई आणि पुन्हा जाई. हे गूढ मिरजेच्या श्रवणतज्ज्ञ बाईंनी सोडवले. श्रवणयंत्र बोलणे ऐकू यावे म्हणून बनवलेले असते. बोलणे सतत बदलते, तुटते, थांबते. जो आवाज अखंड आणि स्थिर राहतो त्याला यंत्र पंख्याची घरघर समजते किंवा स्वतःच्याच शिट्टीचा घोटाळा समजते, आणि इमानदारीने पुसून टाकते. तंबोऱ्याइतके अखंड आणि स्थिर दुसरे काय आहे? ज्या जवारीने तो तंबोरा होतो, घोडीच्या वक्र पाठीवर तार घासत जाऊन जे उंच उपस्वर उठतात आणि ज्यांचा विचार सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी आपल्या वाद्यांवरच्या निबंधात केला, ते उपस्वर एकतर अण्णांच्या कानांतून गेलेले आणि जे उरले ते यंत्राच्या मते कचरा.

बाईंनी यंत्रात संगीतासाठी वेगळी मांडणी करून दिली. तीत गोंगाट पुसण्याची आणि शिट्टी मारण्याची दोन्ही कामे बंद ठेवली. त्यासाठी अण्णांना दोनदा मिरजेला नेले. त्या निमित्ताने अब्दुल करीम खाँच्या कबरीवर आणि सतारमेकर गल्लीत एक चक्कर झाली. पंढरपूरकडून आलेले भोपळे तिथे अजूनही दारात वाळत टांगलेले असतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे तिथल्या एका वृद्ध कारागिराने आम्हांला दोनदा सांगितले. अण्णांनी त्याच्याकडचा एक तंबोरा जवारी काढून होईस्तोवर शेजारी बसून ऐकला, यंत्राशिवाय, भोपळ्यावर तळहात ठेवून. मी काही विचारले नाही.

आता ७८ च्या तबकड्यांविषयी. त्यांच्यासाठी सुईसुद्धा वेगळी, एल.पी.च्या सुईहून कितीतरी रुंद टोकाची लागते; ती येईपर्यंत दोन महिने गेले. १९२५ पूर्वीचे कर्ण्याने केलेले ध्वनिमुद्रण साधारण अडीच-तीन हजार कंपनांच्या वर काही पकडतच नव्हते. जे वरचे जग अण्णांच्या कानांतून गेले ते त्या तबकड्यांवर कधी उमटलेलेच नाही. एल.पी. ऐकताना माझ्या-त्यांच्या ऐकण्यात खंदक असतो. या खरखरणाऱ्या थाळ्यांपुढे आम्ही जवळजवळ सारखे असतो. उलट तेच पुढे असतात, कारण खरखरीच्या मागे काय असायला हवे ते त्यांना ठाऊक आहे. मी तिसऱ्यांदा लावून मान हलवते तेव्हा ते ताल धरून समेवर बोट टेकवत असतात. पुनर्मुद्रणे संगणकावर स्वच्छ करून मिळतात, तशी करून ऐकवली तर म्हणाले की हे कुणीतरी न्हाऊ घालून आणलेले वाटते.

काही तबकड्यांनी आपली ओळख स्वतःच दिली. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान गायली तेव्हापासून आरंभीच्या अनेक तबकड्यांवर गाणे संपताच गाणारा आपले नाव सांगतो. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघेपर्यंत तबकड्या हानोव्हरला छापल्या जात, आणि तिथल्या माणसांना कोणाचा आवाज कोणाचा हे कळावे म्हणून ही प्रथा. शिक्के वाहून गेलेल्या घरात शंभर वर्षांनी तिचा असा उपयोग होईल हे कुणाला वाटले असेल! आमच्या दोन तबकड्यांवर अशी नावे निघाली. एकीवर नाव अर्धेच आहे, जागा संपली म्हणून की घाईने, पण सुई तेवढ्यात पट्टीत जाते.

सदतीसपैकी आतापर्यंत बावीस झाल्या. प्रत्येकीसाठी मी जाड कागदाचे पाकीट शिवले आहे आणि त्यावर अण्णा सांगतील ते लिहिते: आवाज, राग, साथीला ऑर्गन की सारंगी, आणि ‘खात्री’ या रकान्यात रुपयाचे किती आणे. सोळा आणे अकरा ठिकाणी आहेत. ऐकायचे ते सकाळी सहा ते साडेसात, कारण तेव्हा पंख्याची गरज नसते, रिक्षा सुरू झालेल्या नसतात आणि खिडकी उघडी ठेवता येते. मे महिन्यात काम बंदच होते. कधी शेजारचे दोघे-तिघे येऊन बसतात. तेवढ्याने खोलीचा रेंगाळ आणखी कमी होतो आणि अण्णा म्हणतात की आज आवाज मोकळा लागला, त्याचे श्रेय ते गाणाऱ्याला देतात.

तेविसाव्या तबकडीवर आम्ही तीन आठवडे अडलो आहोत. एका बाजूला नाट्यपद आहे. माझ्या मते आवाज हिराबाई बडोदेकरांचा. अण्णांच्या मते त्यांच्या धाकट्या बहिणीचा, सरस्वतीबाई राण्यांचा. दोघी मिरजेतच जन्मलेल्या, दोघींचे आवाज जवळचे, पुढे दोघी जोडीने गायल्याही. या तबकडीवरचा क्रमांक शाबूत आहे आणि संग्राहकांच्या सूचीत तो शोधला तर दहा मिनिटांत निकाल लागेल. अण्णांनी त्याला मनाई केली आहे. तारसप्तकातल्या एका जागेवर त्यांचा सगळा दावा आहे आणि ती जागा त्यांना थंडीत, खिडकी लावून, पुन्हा एकदा ऐकायची आहे. खिडकीच्या झडपा पुराच्या पाण्याने फुगल्यापासून नीट मिटत नाहीत. सुतार दिवाळीनंतर येतो म्हणाला आहे.